लाट मोजायची, मगच पाऊल टाकायचं

मालवणला जाऊन स्कूबा करून आलेली एखादी मैत्रीण, वहिनी नाहीतर भाची आता आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत असते. बोटीतून जायचं, मास्क लावायचा, प्रशिक्षकाचा हात धरून थोडं खाली उतरायचं, माशांबरोबर फोटो काढायचा आणि वर! पोहता येत नसलं तरी अडत नाही, कारण सगळी काळजी दुसरं कुणीतरी घेत असतं. पण बोट नाही, हात धरणारं कुणी नाही, अंगावर २५-३० किलोचं ओझं आणि समोर फुटणारी लाट, अशा ठिकाणी किनाऱ्यावरून चालत समुद्रात शिरणाऱ्या बायकाही आहेत बरं का!

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्मेल नावाचं टुमदार गाव आहे. मुलगा-सून नाहीतर लेक-जावई सॅन होजेकडे असले, की आपल्याकडच्या आईवडिलांना एखाद्या शनिवारी इकडे हमखास आणलं जातं. गाडीने दीडेक तासाचा रस्ता. गावाच्या दक्षिणेला, हायवेला लागूनच आहे मोनॅस्टरी बीच. रस्त्यापलीकडे कार्मेलाइट नन्सचा मठ आहे, म्हणून हे नाव. पाणबुडे मात्र त्याला ‘मॉर्च्युअरी बीच’ म्हणतात, म्हणजे शवागार! हे नाव उगाच पडलेलं नाही. इथे पाणबुड्यांचे जीव गेलेत, आणि नुसतं वाळूत फिरायला आलेल्यांनाही लाटेने ओढून नेलंय.

याचं कारण पाण्याखाली आहे. समुद्रतळातल्या एका प्रचंड दरीचं तोंड या किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन ठेपलंय. कोकणात आपल्याला लांबवर उथळ पाण्याची सवय. लाट दूरच फुटते, दमते आणि पायाशी येईपर्यंत तिचा नुसता फेस उरतो. इथे तसं नाही. खोल समुद्रातली लाट थेट दारात येऊन आदळते. वाळूही बारीक रव्यासारखी नाही, साबुदाण्यासारखी जाड. आणि उतार असा, की पाय रुततो न रुततो तोच परतणारं पाणी खालची वाळूच ओढून नेतं.

मग जातात कशाला?

त्या दरीसाठीच! वसंतात वायव्येचे वारे सुटले, की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरतं आणि खोलातलं थंडगार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. पाणी जेमतेम १० ते १३ अंशांचं, ७ मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख घालूनही हुडहुडी भरते. पण त्यावरच केल्पचं अख्खं जंगल पोसलं जातं. केल्प म्हणजे तपकिरी समुद्रशैवाल. तळाच्या खडकाला घट्ट धरून थेट पृष्ठभागापर्यंत वाढतं, चांगल्या दिवसांत रोज फूटभर! पानांच्या देठाशी हवेचे फुगे असतात, त्यांच्या जोरावर ते उभं राहतं. त्यातून तिरपं ऊन खाली झिरपतं. खडकांवर पांढरी समुद्रफुलं, जांभळी प्रवाळासारखी झुडपं, कवच नसलेल्या रंगीबेरंगी गोगलगाई. लिंगकॉड माशाची मादी तर अंडी घालून निघून जाते आणि बाबा थंडीभर ती राखत बसतो. कुणी जवळ आलं तरी जागचा सहसा हलत नाही. (नवऱ्याला वाचून दाखवायला हरकत नाही!)

आणि पाणमांजरं. फरसाठी त्यांची इतकी शिकार झाली, की इथली संपलीच असं लोक धरून चालले होते. १९३८ मध्ये कार्मेलच्या दक्षिणेला पन्नासेक सापडली. आज कॅलिफोर्नियात ती तीन हजारांच्या आसपास आहेत. २०१३ नंतर रोगाने तारामासे मेले, काटेरी सी-अर्चिन माजले आणि त्यांनी केल्प फस्त करायला घेतलं. तेव्हा उरलेल्या केल्पमधले अर्चिन खाऊन या पाणमांजरांनीच जंगलाचे काही तुकडे राखले.

हे सगळं बघायचं, तर आधी ते दहा-पंधरा फूट पार करायचे. माझी भाची तिथे डायव्हिंग करते. तिच्याबरोबर गेले तेव्हा वाटलं, आता पोशाख चढवून ही निघेल. ती वाळूवर लाटांपासून लांब बसून राहिली. मोठ्या लाटा एकामागोमाग किती येतात, मध्ये उसंत किती मिळते, हे मोजत. अर्ध्या तासाने म्हणाली, “मावशी, आज नको.” शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडी चालवून आलेली मुलगी! सामान परत डिकीत गेलं आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो.

जाण्याजोगा दिवस असला तरी किनाऱ्याच्या मधून कुणी उतरत नाही. दोन टोकांना केल्पमुळे लाट थोडी मवाळते, तिथूनच जायचं. मास्क आणि श्वासाची नळी आधीच लावायची, उसंत मिळाली की न थांबता लाटेच्या पलीकडे. परतताना तर उभंच राहायचं नाही. लाटेबरोबर वाळूवर यायचं आणि नळी तोंडात, मास्क डोळ्यांवर तसाच ठेवून, चक्क रांगत वर जायचं. उठून ऐटीत चालायला गेलं की पुढची लाट पाडते. पंचवीस वर्षं डायव्हिंग करणारेही इथे लहान मुलासारखे रांगतात. त्याला नावच आहे, ‘मोनॅस्टरी क्रॉल’.

लेकीकडे गेलात आणि कार्मेलला जाणं झालंच, तर हा किनारा जरूर बघा, पण पाय भिजवायला पाण्याशी जाऊ नका आणि समुद्राकडे पाठ करून फोटो तर मुळीच नको. दुर्बीण मात्र न्या. केल्प अंगाभोवती गुंडाळून पाठीवर तरंगत झोपलेलं पाणमांजर रस्त्याकडेनेही दिसू शकतं.