साठीनंतर काम तेच, पगार कमी
टोकियो

जपानी नोकरदार साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि पुष्कळदा लगेच त्याच कंपनीत पुन्हा रुजू होतो. काम तेच राहतं, पगार मात्र घसरतो.

याचं मूळ कायद्यात आहे. साठीच्या आत कुणालाही वयामुळे निवृत्त करायला इथे १९९८पासून बंदी आहे. पुढे पेन्शनचं वय पासष्टकडे सरकू लागलं, तेव्हा मधली वर्षं भरून काढण्यासाठी कामगारांना पासष्टीपर्यंत काम देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. त्यासाठी तीन पर्याय आहेत: निवृत्तीचं वय वाढवा, ते रद्द करा किंवा निवृत्तांना पुन्हा नेमा. बहुतेक कंपन्या तिसरा पर्याय निवडतात. इथे सेवेच्या वर्षांबरोबर पगार चढत जातो. फेरनेमणुकीत तो एका फटक्यात खाली आणता येतो. नवा करारही सहसा वर्षभराचाच असतो.

नागासावा या मालवाहतूक कंपनीच्या तीन चालकांनी याविरुद्ध दाद मागितली. निवृत्तीआधी ते सिमेंटचे टँकर चालवत, नंतरही तेच चालवत. कमाई मात्र सुमारे वीस टक्क्यांनी घटली. खालच्या कोर्टात ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये निवृत्तीनंतरची नेमणूक ही वेगळी परिस्थिती मानली आणि बहुतेक कपात मान्य केली. नियमित हजेरीचा भत्ता नाकारणं तेवढं गैर ठरलं. नागोयातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन प्रशिक्षकांचा मूळ पगार तर निम्म्याहून खाली गेला होता. मूळ पगार आधीच्या साठ टक्क्यांखाली नेणं बेकायदा, असा निकाल त्यांना मिळाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये तो रद्द करून खटला फेरविचारासाठी परत पाठवला.

ज्यांना जुन्या जागी थांबता येत नाही, ते रस्त्यावर दिसतात. खोदकामाजवळ हेल्मेट घालून, हातातल्या लाल दिव्याच्या दांड्याने गाड्यांना वाट दाखवणारे पहारेकरी अनेकदा सत्तरीचे असतात. इथे पासष्टीपुढचे नव्वद लाखांहून अधिक लोक काम करतात. त्यांच्याशिवाय या देशाचं चालणार नाही. मग टँकर तितकाच जड आणि रस्ता तितकाच लांब असताना चालकाच्या श्रमाचं मोल वयावरून कमी करणं हा उघड अन्याय आहे.

महाराष्ट्रात निवृत्तीचं वय ५८वरून ६० करण्याची राज्य कर्मचाऱ्यांची मागणी जुनी आहे. जपानकडे पाहून आपण एवढं शिकावं: सेवेची वर्षं वाढवून घेताना त्या वर्षांचा पगार आणि दर्जाही त्याच वेळी लेखी ठरवून घ्यावा.