मौन पाळणारी यंत्रे

कारखान्याचा धूर शेजारच्या अंगणात उतरतो. पण त्या उपद्रवाची किंमत कारखानदाराच्या हिशेबवहीत कोठेही नोंदली जात नाही. अर्थशास्त्राला परिचित असलेला हा दोष विमानातही आढळतो. तेथे धुराऐवजी रेडिओ लहरी असतात, एवढाच फरक.

विमानातील संगणक, दर्शक पडदे व वीजपुरवठ्याचे संच काम करीत असताना नकळत लहरी बाहेर टाकतात. त्याच विमानावरील अँटेना मात्र अत्यंत क्षीण संदेशांची वाट पाहत असतात. वैमानिक आणि नियंत्रक यांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. उपग्रहाकडून येणारा जीपीएसचा संदेश तर विमानापर्यंत पोचेतो अगदीच दुबळा झालेला असतो. घरच्याच गोंगाटात तो बुडाला, तर त्याचे मोल प्रवाशांना द्यावे लागेल.

म्हणूनच अमेरिकेतील 'आरटीसीए' या संस्थेने १९७५ मध्ये 'डीओ-१६०' ही कसोट्यांची संहिता काढली. उपकरणाने किती लहरी बाहेर टाकाव्यात याला तिने मर्यादा घातली आहे. रिसीव्हर ज्या पट्ट्यांत ऐकत असतात, तेथे ही मर्यादा विशेष कडक असते. धातूचे आवरण, फिल्टर, पीळ दिलेल्या तारा हे त्यावरील उपाय आराखडा करतानाच योजले तर स्वस्त पडतात. तयार विमानात ते करावयाचे म्हणजे खर्च, वजन आणि विलंब तिन्ही वाढतात.

शेजाराचा विचार उशिरा केला की काय होते, हे विमानाबाहेरच्या एका प्रकरणात दिसले. अमेरिकेने ३७०० ते ३९८० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईल कंपन्यांना लिलावात विकला. २०२१ मध्ये संपलेल्या त्या लिलावातील बोली ८१ अब्ज डॉलरवर गेली. जमिनीपासूनची उंची सांगणारी विमानातील रेडिओ यंत्रे मात्र जवळच्याच ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झमध्ये चालतात, आणि त्यांतील अनेक जुन्या यंत्रांना शेजारचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. परिणामी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियालाही अमेरिकेची काही उड्डाणे रद्द करावी लागली. पुढे यंत्रांत सुधारणा करण्याचा भार विमान कंपन्यांवर पडला. लाभ एकाचा, भुर्दंड दुसऱ्याचा!

लहरींचे आकाश ही सामाईक मालमत्ता आहे. ती वापरणाऱ्याने आपल्या गोंगाटाचा खर्च आरंभीच उचलावा, हाच न्याय आणि हाच शहाणा हिशेब होय. नियमाला जाच म्हणणाऱ्यांनी नियम नसल्याची किंमतही मोजून पाहावी.