हळदीचे बोट

गोदातीरीच्या बासर क्षेत्री वसंतपंचमीस दूरदूरचे आईबाप आपल्या चिमण्यांना घेऊन येतात. ज्ञानसरस्वतीच्या सान्निध्यात मूल तांदळावर पहिले अक्षर गिरविते. देवीच्या मूर्तीस हळदीचा लेप असतो. ती हळद प्रसाद म्हणून हाती पडली, की मूल ज्याला शिवेल त्याला पिवळे बोट लागते. बालमित्रांनो, मधमाशीही नेमके हेच करीत असते.

परसातील लाल भोपळ्याचा वेल पाहा. नुसत्या देठावर उमलते ते नरफूल. ज्याच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीच दिसतो, ते मादीफूल. नरफुलातील पिवळ्या भुकटीस पराग म्हणतात. तो मादीफुलाच्या मधल्या चिकट टोकास लागला, तरच भोपळा वाढतो. एरवी पिवळा पडून गळतो. हा पराग जड नि चिकट; वाऱ्यावर उडत नाही. फुलाला तर पाय नाहीत! म्हणून ते पोटात गोड रस ठेविते. रसासाठी माशी आत शिरते, तिच्या केसाळ अंगास पराग माखतो, आणि पुढल्या फुलात त्यातला थोडा सांडतो. परोपकार तिच्या मनीही नसतो. पोट भरता भरता तो घडतो.

गतवर्षी शाळेच्या वडावर आग्या मोहोळ बसले. पालक म्हणाले, "गुरुजी, पेटवून टाका." त्यांचे भय खोटे नव्हते, आग्या माशा खवळल्या तर जिवावर बेतते. आम्ही तिकडे दोर बांधला, खेळ मागील अंगणात नेला, दगड न मारण्याची सक्त ताकीद दिली. या माशा ऋतुमानाप्रमाणे मुक्काम हलवितात. उन्हाळ्यात पोळे रिकामे झाले.

त्याच दिवसांत मुलांनी कुंपणावरच्या वेलीचे एक मादीफूल उमलण्याच्या आदल्या सायंकाळी मलमलीने बांधले, दुसरे मोकळे ठेविले. बांधलेले गळाले; मोकळ्याचा भोपळा झाला. तो पाहून पालकांनी पोळ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

शेतकरी बंधूंना एकच विनंती. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दुपारपर्यंत मिटते. सकाळी औषध फवाराल, तर किडीसंगे माशीही मरेल आणि वेलीवर नुसती फुलेच राहतील. फवारणे अटळच असेल, तर सायंकाळी फवारा. पिवळे बोट लावणारीच उरली नाही, तर फळ कोठून धरावे?