पडलेल्या माणसाचे नाव काय?

दर शनिवारी दुपारी अमेरिकेतील लाखो घरांत टी.व्ही. लागायचा आणि पडद्यावर एक तरुण कोसळताना दिसायचा. बर्फाच्या उंच उतारावरून तो वेगाने खाली यायचा, मध्येच तोल जायचा आणि हातपाय विस्कटत तो बाजूला फेकला जायचा. निवेदक आधी विजयाच्या आनंदाबद्दल बोलायचा, मग पराभवाच्या वेदनेबद्दल. वेदनेचा शब्द आला की हे दृश्य यायचे. वर्षानुवर्षे हेच चालले. त्या तरुणाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. आणि खुद्द त्याला तर आपण अमेरिकेत इतके ओळखीचे झालो आहोत, याचा पत्ताही नव्हता!

वाचकहो, या कार्यक्रमाचे नाव 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स', म्हणजे खेळांचे अफाट जग. त्याची आणि त्या तरुणाची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत.

कमी भांडवलाचा उद्योग

1961 साली अमेरिकेत तीन मोठ्या टी.व्ही. कंपन्या होत्या. त्यांत ए.बी.सी. ही सर्वांत मागे पडलेली. गाजलेल्या खेळांचे हक्क विकत घ्यायला पैसा लागतो, तो तिच्याकडे बेताचाच. तेव्हा एडगर शेरिक यांनी युक्ती काढली. ज्या खेळांकडे कोणी पाहत नाही, ते एकत्र करून दाखवायचे! निर्मितीची धुरा रून आर्लेज या तरुणाकडे आली आणि निवेदक झाले जिम मॅके. 29 एप्रिल 1961 रोजी फिलाडेल्फिया आणि डे मॉइन या दोन शहरांतील धावण्याच्या शर्यतींनी आरंभ झाला. उन्हाळ्यापुरता म्हणून सुरू केलेला हा कार्यक्रम पुढे छत्तीस वर्षांहून अधिक काळ चालला.

त्यात काय नव्हते? जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध, मोटारींच्या शर्यती, समुद्रकड्यावरून उड्या, इतकेच काय, पंजा लढवण्याची स्पर्धासुद्धा! आर्लेज यांचे म्हणणे असे, की लोकांना खेळ ठाऊक नसला तरी चालेल, खेळणारा माणूस ओळखीचा झाला की ते आपोआप बघतील. म्हणून कॅमेरा खेळाडूच्या चेहऱ्याजवळ नेला गेला.

त्याच 1961 च्या जुलैत त्यांचे पथक मॉस्कोला गेले. अमेरिका आणि रशिया एकमेकांकडे संशयाने पाहत होते तो हा काळ. तिथे विल्मा रुडॉल्फ ही कृष्णवर्णीय धावपटू 100 मीटर जिंकली. लहानपणी पोलिओने तिचा पाय अधू झाला होता. 22 भावंडांतली ती विसावी. आदल्या वर्षी रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवून ती गावी परतली, तेव्हा आपल्या सत्कारात काळे-गोरे वेगळे बसवायचे नाहीत, असा आग्रह तिने धरला आणि गावाला तो मानावा लागला. त्याच मॉस्कोत रशियाच्या व्हॅलेरी ब्रुमेलने 2.24 मीटर उंच उडी मारून जागतिक विक्रम केला. ज्याला शत्रू म्हणून शिकवले होते, त्याचे कौशल्य अमेरिकन माणसाने आपल्या घरात बसून पाहिले.

नावाचा मान

कॅशियस क्ले या मुष्टियोद्ध्याने 1964 मध्ये महंमद अली हे नाव घेतले. अनेक वर्तमानपत्रे पुढे कित्येक वर्षे जुनेच नाव छापत राहिली. या कार्यक्रमातून अलीच्या मुलाखती घेणारे हॉवर्ड कोसेल मात्र त्याला अलीच म्हणत. 1967 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला अलीने नकार दिला आणि त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले. तेव्हाही कोसेल जाहीरपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. माणूस स्वतःचे नाव स्वतः निवडतो आणि समोरच्याने ते मानाने उच्चारावे, यात काय असते ते आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तो कामगार

आता त्या पडणाऱ्या तरुणाकडे वळू. त्याचे नाव विन्को बोगाताय. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातला. मार्च 1970 मध्ये जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे तो स्पर्धेला उतरला होता. हिमवर्षावाने उतार फार वेगवान झाला होता. मध्येच धोका ओळखून त्याने थांबण्याचा प्रयत्न केला आणि तोल गेला. सुदैवाने जिवावरचे किरकोळ दुखापतीवर निभावले. पुढे तो पुन्हा स्पर्धेत उतरला, पण पूर्वीचा जोर राहिला नाही. खेळ सोडून तो कारखान्यात काम करू लागला.

इकडे त्याचे पडणे दर आठवड्याला दाखवले जात होते. आम्हाला हे खटकते. ज्याच्या आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण तुम्ही जगाला दाखवता, त्याला निदान कळवावे तरी! ते घडले 1981 मध्ये. कार्यक्रमाला वीस वर्षे झाली म्हणून न्यूयॉर्कला सोहळा झाला, तेव्हा त्याला बोलावण्यात आले. मोठमोठे विजेते हजर होते, पण सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट झाला तो या कामगारासाठी. खुद्द महंमद अलीने त्याची सही मागितली!

पुढे बोगाताय प्रशिक्षक झाला. त्याने शिकवलेला फ्रान्सी पेटेक 1991 मध्ये जगज्जेता ठरला.

काळ बदलला. 1979 मध्ये चोवीस तास खेळ दाखवणारी ई.एस.पी.एन. वाहिनी आली आणि अशा मिसळ कार्यक्रमाची गरज सरत गेली. जानेवारी 1998 मध्ये मॅके यांनी तो बंद होत असल्याचे जाहीर केले.

आपल्या घरातही सामना संपला की जिंकणाऱ्याचेच नाव मुलांच्या तोंडी असते. पुढच्या वेळी त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: जो पडला त्याचे नाव काय, आणि तो पुन्हा कसा उठला? परीक्षेत नापास झालेल्या किंवा शर्यतीत मागे राहिलेल्या आपल्या लेकरालाही मग घरात तोंड लपवावे लागणार नाही.