मैदान आपले, व्यवस्थापन कोणाचे?

पुण्याच्या जिमखान्यात गोऱ्या साहेबांची खेळपट्टी राखायला एक चर्मकार तरुण नोकरीला होता. त्याचे नाव पालवणकर बाळू. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात! कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेही मोठ्या वादानंतर.

घाम एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, हीच ती व्यवस्था. ती आज संपली आहे काय?

आपल्या वस्तीतला मुलगा चपळ निघाला की तो बी.पी.एड. करतो आणि शाळेत पी.टी.चा मास्तर होण्यासाठी भरतीची वाट पाहत बसतो. तिकडे खेळाचा धंदा झाला आहे. मातीतल्या कबड्डीची २०१४ पासून लीग झाली, खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. करार कोण लिहितो? गुडघा मोडला तर उपचाराचा खर्च कोणी करायचा, हे कलम कोण घालतो? प्रायोजक कोण आणतो, संघाचा पैसा कोण खर्च करतो? क्रीडा व्यवस्थापक! ह्या माऱ्याच्या जागा आहेत.

ह्या जागांचे शिक्षण आता विद्यापीठांत मिळते. केंद्राने २०१८ मध्ये मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. पुण्याच्या बालेवाडीत आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ उभारण्याचे विधेयक २०२० मध्ये राज्यात मंजूर झाले. केंद्रीय संस्थांत २००६ च्या कायद्याने अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. खासगी संस्थांचे काय? तिथे क्रीडा व्यवस्थापनाचे शुल्क लाखांत जाते. संविधानाच्या कलम १५(५) नुसार तिथेही राखीव जागांचा कायदा करता येतो. केंद्राने तो अद्याप केलेला नाही.

२०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा पाहा. महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू असावेत, असे त्यात आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात एकही जागा राखीव नाही. म्हणजे खुर्चीपर्यंत जायचे तर पदवी आणि पात्रता हाच आपला मार्ग.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. क्रीडा व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात राखीव जागा भरल्याच पाहिजेत आणि शिष्यवृत्ती वेळेवर मिळालीच पाहिजे. अभ्यासक्रमात हिशेब व जाहिरातीबरोबर संविधानाचे कलम १७ आणि ॲट्रॉसिटी कायदाही शिकवला जावा. वसतिगृहाच्या खोल्या, मेसच्या पंगती आणि संघनिवडीचे कागद ज्याच्या हाताखाली असतील, त्याला हे ठाऊक नसेल तर तो व्यवस्थापक कसला?

पालकांनो, मुलीच्या हातात पदक आले की टाळ्या वाजवून थांबू नका. तिला पुढे काय शिकायचे ते विचारा आणि प्रवेशाचा अर्ज आणून द्या. खेळण्याचे वय तिशी-पस्तिशीत संपते. निर्णय घेण्याचे वय तिथून सुरू होते. बाळूंच्या हाती खेळपट्टी होती, खुर्ची नव्हती. आपल्या लेकरांच्या हाती दोन्ही असली पाहिजेत!