ओशिनेन : सरोवर आणि सरकणारा डोंगर

स्वित्झर्लंडला जाणारी आपल्याकडील कुटुंबे बहुधा मे महिन्यात, मुलांच्या सुटीत निघतात. युंगफ्राऊ आणि टिटलिस पाहून परततात. या देशाचे खरे रूप अनुभवायचे असेल, तर सप्टेंबरचा शेवटचा किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा निवडावा असे सुचवावेसे वाटते. तोवर उन्हाळ्यातील गर्दी ओसरलेली असते आणि हिमवर्षाव बहुधा शिखरांपुरता राहतो. एका दिवसाच्या पदभ्रमंतीसाठी या दिवसांत ओशिनेन सरोवरासारखे स्थळ विरळाच.

बर्नहून लोटशबर्गच्या जुन्या लोहमार्गाने निघावे. सव्वा तासाच्या आसपास कांडरस्टेग हे सुमारे 1200 मीटर उंचीवरील गाव येते. 2007 मध्ये पायथ्यातून नवा बोगदा खुला झाल्यापासून वेगवान गाड्या या गावाला वळसा घालून जातात. गावाची शांतता काही अंशी त्यामुळेच टिकली असावी. तेथून पाळण्याने वर गेले की सरोवरापर्यंत अर्ध्या तासाची सौम्य वाट आहे, आजी-आजोबांनाही सहज झेपणारी.

सरोवर 1578 मीटरवर, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेले. समोर डोल्डेनहॉर्न आणि ब्ल्यूमलिसआल्प ही साडेतीन हजार मीटरहून उंच हिमशिखरे. हिमनद्यांनी दगड घासून केलेले पीठ पाण्यात तरंगते, म्हणून रंग निळा-हिरवा. या सरोवराला पृष्ठभागावरून बाहेर पडणारा प्रवाहच नाही! काही हजार वर्षांपूर्वी कोसळलेल्या दरडींनी दरी अडवली आणि मागे पाणी साठले. तेच पाणी दरडीच्या ढिगाऱ्यातून झिरपत खाली जाते. कांडरस्टेगला पिण्याचे पाणी आणि वीज त्यातूनच मिळते.

चालण्याची हौस असणाऱ्यांनी मात्र काठावर थांबू नये. उत्तरेकडून हॉयबेर्ग म्हणजे ‘गवताचा डोंगर’ चढून ओबरबेर्ग्ली, तेथून उंटरबेर्ग्ली आणि पुन्हा काठ, असा वेढा तीन-साडेतीन तासांत पूर्ण होतो. वाट 1900 मीटरच्या वर जाते. काही ठिकाणी एका बाजूला खोल उतार असल्याने लहान मुलांचा हात सोडू नये. पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी लागणारा वेळ लिहिलेला असतो. आपल्या चालीला त्यात थोडी भर घालावी.

या सुमारास गुरे उंचावरील कुरणांतून गावाकडे उतरतात. गोठ्यांपाशी विकले जाणारे चीज पाहून मोह होतो. परंतु आल्प्समधील पारंपरिक चीज करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, हे आपल्या वाचकांनी ध्यानी ठेवावे. शहरातील दुकानांत वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे चीज मिळते. वेष्टन वाचूनच घ्यावे. घरून नेलेले खाकरे, दशम्या आणि सुका मेवा हाच निर्धोक शिधा. चौविहार पाळणाऱ्यांची येथे सोय होते, कारण सप्टेंबरअखेरीस सूर्यास्त सायंकाळी सातच्या सुमारास असतो. फक्त कड्यांमुळे ऊन त्याआधीच नाहीसे होते, तेव्हा सावली पाहून नव्हे, पंचांगातील वेळ पाहूनच ठरवावे. आणि तीही त्या गावची, मुंबईची नव्हे.

आता दक्षिणेकडे पाहा. डोल्डेनहॉर्नच्या अंगाला श्पिट्झर श्टाईन, म्हणजे ‘टोकदार खडक’, नावाचे शिखर आहे. ते सरकत आहे. खडकांच्या भेगांतील कायम गोठलेली जमीन वाढत्या उष्णतेने वितळू लागली, आणि ज्या बर्फाने दगड जखडून धरले होते तो बर्फच राहिला नाही. दीड कोटी घनमीटरच्या आसपासचा हा ढीग 2018 पासून रडार, उपग्रह-मापक आणि कॅमेऱ्यांच्या अखंड देखरेखीखाली आहे. तो एकदम कोसळेल की तुकड्यातुकड्याने, यावर सारा हिशेब अवलंबून आहे. मोठी भीती आहे ती दगड-चिखलाचा लोंढा ओशिबाख ओढ्यातून गावात येण्याची. त्यासाठी ओढ्यालगत बांध उभारले आहेत, दक्षिणेच्या काही वाटा बंद आहेत आणि गावाच्या काही भागांत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे.

व्यापारी कुटुंबाला या मनाईचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पिढीजात जागा हातात आहे, पण तिच्यावर एक मजलाही चढवता येत नाही. विकावी तर घेणारा किंमत पाडणार. आणि ज्या सरोवराच्या बळावर गावातील उतारगृहे चालतात, ते सरोवरही एके काळी डोंगर कोसळल्यानेच घडले.

ही भीती कागदी नव्हे. याच पर्वतरांगेपलीकडील लोटशेनटालमध्ये 28 मे 2025 रोजी खडक आणि हिमनदी कोसळून ब्लाटेन गाव जवळजवळ संपूर्ण गाडले गेले. काही दिवस आधीच सुमारे 300 रहिवाशांना हलवले होते, म्हणून एक व्यक्ती वगळता सारे वाचले. मोजमापाची यंत्रे आणि इशारा मिळताच घर सोडण्याची तयारी, या दोहोंवर कांडरस्टेगचीही भिस्त आहे.

जाण्यापूर्वी वाटांची सद्यःस्थिती गावच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्यावी. अडवलेली वाट ओलांडू नये. परतीचा शेवटचा पाळणा हंगामाच्या अखेरीस लवकर सुटतो. तो चुकलाच तर रानातून गावापर्यंत सुमारे तासाभराची उतरण आहे, आणि अंधार पडण्याआधी ती पार करता येते.