कान-नाक-घसा आणि २१ लेटर्सचा शब्द

आजचा एपिसोड माझ्याच एका फजितीवरून सुचलाय.

पहिली नोकरी, हॉस्पिटल अपॉइंटमेंटचं ॲप आणि क्लायंटसमोर डेमो. ड्रॉपडाउनमध्ये शब्द आला, ओटोरायनोलॅरिंगॉलजिस्ट. इंग्रजीत तब्बल २१ लेटर्स. मी 'ओटो...' म्हणालो आणि अडकलो. शेवटी 'धिस डॉक्टर' म्हणून पुढे सरकलो. मराठी शाळेतला मी, कान लाल झाले.

घरी येऊन तो शब्द फोडला. तेव्हा कळलं की तो दोन प्रकारे फोडावा लागतो. एकदा अर्थासाठी, एकदा तोंडासाठी.

अर्थाचे तुकडे ग्रीकमधून आलेत. ओटो म्हणजे कान. रायनो म्हणजे नाक (गेंड्याला रायनोसरस म्हणतात ते नाकावरच्या शिंगामुळे). लॅरिंग म्हणजे स्वरयंत्र, आपण घसाच धरू. लॉजिस्ट म्हणजे त्या विषयाचा जाणकार. अरे, हा तर आपला कान-नाक-घशाचा डॉक्टर! बोर्डावर ईएनटी लिहितात तोच.

आता तोंडाचे तुकडे, म्हणजे सिलेबल्स. हनुवटीखाली हात धरा आणि हळू बोला. हनुवटी जितक्यांदा खाली जाते, साधारण तितके सिलेबल्स. ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जिस्ट. झाले ९. गंमत बघा, 'ग' हा अर्थाने लॅरिंगचा, पण बोलताना पुढच्या 'ऑ'ला जाऊन चिकटतो. आणि अख्ख्या शब्दाचा मुख्य जोर त्याच 'गॉ'वर येतो. बायॉलजिस्ट, सायकॉलजिस्ट, सगळीकडे जोर त्या 'ऑ'वरच.

आपल्यालाही हे नवीन नाही. महा अधिक उत्सव, महोत्सव. पण आपण बोलतो 'म-होत्-सव'. जोड त्या 'हो'च्या पोटात गेलाय.

म्हणायची प्रॅक्टिस मात्र शेवटून करा. जिस्ट. लजिस्ट. गॉलजिस्ट. रिंगॉलजिस्ट. असं एकेक तुकडा मागे जोडत जायचं, म्हणजे पुढचा भाग आधीच तोंडात बसलेला असतो. मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

जाता जाता, हेलिकॉप्टर. तुम्ही कुठे तोडाल? हेली आणि कॉप्टर? इंग्रजी बोलणाऱ्यांनीही तसंच तोडलं, म्हणून तर हेलिपॅड आलं. पण मूळ जोड आहे हेलिको आणि प्टर. मळसूत्रासारखं वळलेलं, आणि पंख. टेरोडॅक्टिलमध्येही हाच पंख आहे, फक्त तिथला 'प' लिहायचा, बोलायचा नाही.

बरं, दोन आठवड्यांनी पुन्हा डेमो झाला. या वेळी मी तो शब्द एका दमात म्हटला. क्लायंट हसून म्हणाला, 'वी जस्ट से ईएनटी.'